जनमताचा कौल

निवडणूक म्हणजे काय, हे तुम्हांला माहीत आहे. ग्रामपंचायत, विधानसभा आणि लोकसभा यांसाठी तुमच्या घरची मोठी माणसे मतदान करतात. त्या वेळी ती आपला प्रतिनिधी निवडतात आणि पुढचे निर्णय तो प्रतिनिधी घेतो. पण कधी कधी एखादा प्रश्नच थेट लोकांपुढे ठेवला जातो. 'हे करावे की करू नये?' असे विचारून मते मोजली जातात. याला मराठीत 'जनमत कौल' किंवा 'सार्वमत' म्हणतात. उर्दूतला 'रायशुमारी' हा शब्द तुम्ही ऐकला असेलच.

अशा कौलातून समाजाच्या हिताचा निर्णय होतो का? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण गोव्याचे उदाहरण पाहू या.

गोव्यावर सुमारे साडेचारशे वर्षे पोर्तुगिजांचे राज्य होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. लवकरच एक मोठा प्रश्न उभा राहिला. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा ठेवावा? मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा होता. गोव्याचे आणि महाराष्ट्राचे नाते जुने आहे, येथे मराठी वाचली-लिहिली जाते, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा विलीनीकरणाला विरोध होता. मोठ्या राज्यात गेल्यावर आपली कोकणी भाषा आणि आपले वेगळेपण टिकणार नाही, अशी विरोधकांना भीती वाटत होती.

विधानसभेत विलीनीकरणाच्या बाजूने बहुमत होते. मग लोकांना वेगळे विचारण्याची गरज काय होती? मुलांनो, सरकार आवडले नाही तर पाच वर्षांनी बदलता येते. पण एकदा विलीन झालेला प्रदेश पुन्हा वेगळा करणे फार अवघड असते. हा प्रश्न पुढच्या अनेक पिढ्यांचा होता. म्हणून हा निर्णय लोकांनाच घेऊ द्या, अशी विरोधकांची मागणी होती. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला.

मतदान निःपक्षपातीपणे व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांनाही आपले मत नेमके कोठे द्यायचे ते कळले. दोन्ही बाजूंनी गावोगावी सभा घेतल्या आणि वर्तमानपत्रांतून आपली बाजू मांडली.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. गोव्यात दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली. म्हणजे ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. पुढे काही आठवड्यांतच विधानसभेची निवडणूक झाली. तिच्यात लोकांनी पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षाला निवडून दिले! नेता हवा होता, पण त्याचे हे एक मत मान्य नव्हते. केवळ निवडणुकीवरून ही गोष्ट कधी कळली नसती. कौलाचा हा मोठा फायदा आहे. बांदोडकरांनीही तो निकाल मान्य करून राज्यकारभार चालवला.

तरीही या कौलात एक उणीव होती. लोकांपुढे दोनच पर्याय होते. 'गोव्याचे स्वतंत्र राज्य व्हावे' असे ज्याला वाटे, त्याच्यासाठी मतपत्रिकेवर जागाच नव्हती. गोवा राज्य झाला तो ३० मे १९८७ रोजी, म्हणजे वीस वर्षांनी. यावरून लक्षात ठेवा, उत्तर लोक देतात, पण प्रश्न दुसराच कोणी ठरवतो.

आता दुसरी बाजू पाहू या. स्वित्झर्लंड या देशात सार्वमत वारंवार घेतले जाते. तेथे १९५९ साली प्रश्न विचारला गेला, 'राष्ट्रीय निवडणुकांत स्त्रियांना मताचा हक्क द्यावा का?' मत देणारे सगळे पुरुष होते. त्यांनी मोठ्या बहुमताने नकार दिला. तो हक्क स्त्रियांना १९७१ च्या सार्वमतानंतर मिळाला. मतमोजणी बरोबर झाली होती, तरी १९५९ चा निर्णय न्याय्य होता, असे कोण म्हणेल? ज्यांच्या हक्काचा प्रश्न होता, त्यांनाच कोणी विचारले नव्हते.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. अनेक गावांत स्त्रियांनी एकजुटीने बाटली आडवी केली आहे. ज्यांना त्रास होतो त्यांनाच विचारले, म्हणून हा कौल योग्य वाटतो.

पण समजा, आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या टोकाला दहा घरांची वस्ती आहे. ग्रामसभेत प्रश्न निघाला, 'या वस्तीला नळ द्यावा की तो पैसा गावातल्या रस्त्यावर खर्च करावा?' हात वर करायला सांगितले, तर दहा घरे हरतीलच. मग त्यांनी तहानलेले राहावे काय? पिण्याचे पाणी, शिक्षण, धर्म, भाषा आणि मताचा हक्क या गोष्टी बहुमताच्या दयेवर सोडायच्या नसतात. म्हणूनच आपल्या संविधानाने मूलभूत हक्क प्रत्येकाला दिले आहेत. माणूस एकटा असला तरी ते त्याचेच असतात.

उद्या तुम्ही अठरा वर्षांचे व्हाल आणि ग्रामसभेत बसाल. हात वर करण्यापूर्वी स्वतःला विचारा. प्रश्न स्पष्ट आहे का? दोन्ही बाजू मी ऐकल्या आहेत का? आणि माझ्या मताने कोणाचा हक्क तर जात नाही ना? ही उत्तरे मनाला पटली, की मगच हात वर करा.

स्वाध्याय

१. जनमत कौल आणि निवडणूक यांत काय फरक आहे?
२. गोव्यातील कौलात कोणती उणीव होती?
३. १९५९ चा स्वित्झर्लंडमधील निर्णय न्याय्य का वाटत नाही?
४. पुढील शब्द वाक्यांत वापरा : विलीन, निःपक्षपाती, बहुमत, उणीव.
५. दहा घरांच्या वस्तीतर्फे ग्रामसभेत तुम्ही काय बोलाल? आठ ओळी लिहा.