रेनकोट घेताना आधी शिलाई पाहा



आजचा संदेश बियाण्याचा नाही, खताचाही नाही. रेनकोटाचा आहे. झड लागली की डवरे थांबतात, माणूस थांबत नाही. धुरा फुटला का पाहणं, तुरीत साचलेलं पाणी काढून देणं, ढोरांचा चारा, रातची जागल, सगळं पावसातच. आणि अंगावर काय? युरियाच्या पोत्याची खोळ, नाहीतर शे-दीडशेचा पातळ प्लास्टिकचा कोट. तो बाभळीच्या एका काट्यात संपतो. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी असे तीन कोट फाडले, तेव्हा हिशेब समजला. समजा दीडशेचे तीन, म्हणजे एका हंगामाचे साडेचारशे. नऊशेचा एक कोट तीन हंगाम टिकला तर वर्षाला तीनशेच पडतात, अन् अंगही कोरडं राहते.

दुकानात रंग अन् कंपनीचं नाव नंतर पाहा. आधी कोट उलटा करा. पाणी कापडातून कमी अन् शिलाईतून जास्त शिरते, कारण सुईचं प्रत्येक छिद्र म्हणजे एक भोक. चांगल्या कोटाच्या आतून शिलाईवर चिकटपट्टी दाबलेली असते किंवा शिलाई वितळवून जोडलेली असते. खांदा, काख अन् पँटचा बैठकीचा जोड, ही तीन ठिकाणं बोटानं चाचपा. पट्टी मध्येच तुटली असेल तर तो कोट ठेवून द्या. मोबाइलचा टॉर्च आतून लावा. शिलाईवर उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर तिथून पाणी येणारच. दुकानदार ओळखीचा असेल तर शिलाईखाली रुमाल धरून वरून बाटलीतलं पाणी सोडून पाहा. राग येत असेल तर येऊ द्या, पैसे आपले आहेत.

कापड कोणतं? नुसतं प्लास्टिक नको. आत विणलेलं कापड अन् त्यावर पीव्हीसीचा थर असलेला कोट वावरातल्या कामाला दणकट. जड असतो, गरम होतो, पण काट्याकुट्यात टिकतो. पीयूचा थर दिलेलं नायलॉन किंवा पॉलिस्टर हलकं असते, गाडीवर बडनेऱ्याहून अमरावतीला ये-जा करणाऱ्याला चांगलं. तुरीच्या फांद्यांत मात्र ते लवकर घासते. लेबलवर ३००० किंवा ५००० मिमी असा आकडा असेल तर त्याचा अर्थ, तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सहन करते. पण तो आकडा कापडाचा आहे, शिलाईचा नाही.

कोट-पँट वेगळे असलेलाच घ्या, अन् एक माप मोठा. दुकानातच वाका, उकिडवे बसा, हात वर करा. पाठ उघडी पडली तर तो निंदणाला कामाचा नाही. चेनवर झाकणपट्टी हवी, त्या पट्टीला टिचबटणं बरी. चिकटणाऱ्या पट्टीत चिखल अन् कुसळं भरली की ती धरत नाही. पँट गमबुटाच्या वरून सोडा, आत खोचली तर सगळं पाणी बुटात. काखेत हवेची छिद्रं किंवा पाठीवर जाळी असावी. बरेच जण म्हणतात “कोट गळते”, अन् ओलं झालेलं असते घामानं.

घरात एकच कोट येतो अन् तो माणसाच्या मापाचा येतो, हे लय ठिकाणी पाहिलं. निंदणाला जास्त बाया असतात अन् त्यांच्या वाट्याला पोतं. साडीवर पँट जमत नाही. त्यांच्यासाठी बाजूला बटणं असलेला, गुडघ्याखाली येणारा सैल कोट घ्या अन् कमरेला बांधायला दोरी द्या, म्हणजे वाकल्यावर पुढचा भाग चिखलात लोळणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. *पावसाचा कोट फवारणीला घालू नका.* २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. रेनकोट पाण्यासाठी बनवलेला असतो, औषधासाठी नाही. ईसी औषधात तेलासारखा द्रावक असतो, तो पाण्यासारखा वागत नाही. वरून पाऊस उघडल्यावरच्या उन्हात बंद कोटात जीव घाबरा होतो, मग माणूस गळ्याची बटणं उघडतो अन् नेमकं तिथंच औषध उडते. अन् संध्याकाळी तोच कोट घरात खुंटीला, लेकराच्या दप्तराशेजारी. फवारणीला वेगळा सुरक्षा किट, मास्क, हातमोजे, चष्मा वापरा. एखाद्या कोटावर औषध उडालं असेलच, तर तो घरात परत आणू नका.

टोपी घातली की कान झाकतात, गडगडाट कमी ऐकू येतो. रबरी कोट-बूट वीज अडवत नाहीत. झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये ठेवा.

वापरल्यावर साध्या पाण्यानं चिखल धुवा अन् सावलीत टांगून वाळवा. उन्हात पीव्हीसी कडक होऊन तडकते. ओला घडी केला तर बुरशी अन् वास. इस्त्री नाहीच. फाटलं तर शिवू नका, आतून तशाच कापडाचा तुकडा चिकटवा. मोच्याकडचं सोल्यूशन आधी कोपऱ्यावर लावून पाहा, काही सोल्यूशन थर खाते.

कार्यालयात दोन नमुने ठेवले आहेत, उलटे करूनच ठेवले आहेत. येऊन चाचपून पाहा. एकत्र मागणी झाली तर दुकानदाराशी भाव बोलता येईल. ज्यांना पाहिजे त्यांनी नाव, गाव, छाती अन् उंची या नंबरवर पाठवा. घरातल्या बाईचं मापही त्यातच लिहा.