तिसऱ्यांदा ‘नीट’? जरा थांबा

निकाल लागला की सातारा-सांगलीकडून फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला : ‘सर, नीटला मार्क कमी पडले, तिसऱ्यांदा बसवू का?’ बसवू नका. मिरजेसारखं डॉक्टरांचं गाव जवळ असलं की पांढऱ्या कोटापलीकडे काही दिसत नाही, हे कळतं मला. पण पोरगी रडत पुस्तक उघडतेय आणि तुम्ही क्लासच्या हप्त्यांची जुळवाजुळव करताय, हे कसलं करिअर? फार्मसी, नर्सिंग, कृषी तुम्हाला ठाऊकच आहे. मी माशाबद्दल बोलतो.

हॉटेलात ‘सुरमई’ म्हणून आलेला तुकडा सुरमईचाच कशावरून? डोकं, खवले, शेपूट गेल्यावर मुरलेली कोळीणही छातीठोक सांगणार नाही. प्रयोगशाळा सांगते. तांदळाच्या दाण्याएवढं मांस घ्यायचं, डीएनए वेगळा काढायचा, सीओआय जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा भाग पीसीआरवर वाढवायचा, त्याचा क्रम वाचून जागतिक संग्रहातल्या नोंदींशी ताडायचा. कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये ही पद्धत मांडली. अमेरिकेत ओशियाना संस्थेने 2010 ते 2012 दरम्यान 1,215 नमुने असे तपासले. एक तृतीयांशांवरची नावं खोटी निघाली.

यंत्र सगळं करतं, असं मात्र समजू नका. डबाबंद माशात डीएनए तुटलेला असतो, मग छोट्या भागावर भागवावं लागतं. शिवाय हे जनुक आईकडूनच येतं. कटला-रोहूचा संकर तपासला, तर नाव निघतं फक्त आईचं. इथे मासा ओळखणारा माणूस लागतो. म्हणूनच ‘डीएनए’ शब्दाला भुलून आठवडाभराच्या सर्टिफिकेट कोर्सवर पैसे उधळू नका.

‘आपल्याकडे समुद्र कुठाय?’ कृष्णा-कोयना आहेत की! आणि कराडहून कुंभार्ली घाट उतरलं की कोकणच. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, पदवी चार वर्षांची. पुढच्या शिक्षणाला मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. स्पष्टच सांगतो, या कामाच्या जागा थोड्या, त्याही मुंबई-कोचीकडे. घराजवळची नोकरी हवी असेल, तर हा नाद सोडा.

‘आमच्या घरात माळ आहे, पोरगी मासे कापणार?’ असंही विचारतात. कापावेच लागतील, हाताचा वासही लवकर जाणार नाही. तिला चालणार आहे का, ते तिलाच विचारा. आणि ती बोलत असताना मध्ये तोंड घालू नका.