फेस आला की हात थांबवा

गाळप सुरू झालं की पाटस भागात ऊसतोड टोळ्या उतरतात. पाचटात घोणस दडलेली असते. पेशंट टेम्पोतून येतो तो दहा-बारा माणसं घेऊनच, आणि सगळी एका सुरात, ‘सिस्टर, इंजेक्शन द्या ना लवकर!’

घाई नडते ती इथे. सर्पविषावरचं एएसव्ही बहुतेक वेळा पावडर असतं. व्हायलमध्ये सोबतचं १० मिली पाणी काचेच्या कडेने सावकाश सोडायचं आणि व्हायल अलगद गोल फिरवत राहायचं. एका दवाखान्यात नव्या मुलीने दहाही व्हायली खोकल्याच्या औषधासारख्या खळखळा हलवलेल्या मी पाहिल्या. निम्म्या बाटलीत फेसच. फेस सिरिंजमध्ये नीट ओढला जात नाही, औषध बाटलीतच राहतं. तो बसेपर्यंत वाचवलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ गेला.

त्याच रात्री ट्रेमध्ये तीन सिरिंजा भरून ठेवलेल्या, एकीवरही नाव नाही. एव्हिल, हायड्रोकॉर्टिसोन, अ‍ॅड्रिनलिन. दिसायला तिन्ही पाणी. रिअ‍ॅक्शन आली तर मोठ्या माणसाला अ‍ॅड्रिनलिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. तेच चुकून सरळ शिरेत गेलं तर हृदयावरच बेततं. डॉक्टरांनी विचारलं, ‘यातली कुठली?’ कुणी छातीठोक सांगेना. तिन्ही टाकून दिल्या, नव्या भरल्या. म्हणून सांगते, सिरिंज हातातून खाली ठेवण्याआधी पट्टी चिकटवा: औषध, मात्रा, वेळ.

तयारीला वेळ मिळतो, तो वापरा. रक्त गोठतं का हे बघायला २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. (नळी साबणाने धुतलेली नको, निकाल फसवा येतो.) तेवढ्यात सलाईन, अ‍ॅड्रिनलिन, ऑक्सिजन जवळ घ्या, व्हायली मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय फोडू नका, त्या महाग आणि मोजक्या असतात. पापण्या मिटायला लागल्या किंवा श्वास अडकला, तर डॉक्टर नळीसाठी थांबत नाहीत.

लहान पोर असलं तरी व्हायली तेवढ्याच. कमी करायचं ते सलाईन. आणि रिकाम्या व्हायली लगेच फेकू नका. बॅच नंबर केसपेपरवर उतरवा. पेशंट ससूनला हलवायची वेळ आली तर तिथले डॉक्टर आधी विचारतात, किती व्हायली दिल्या आणि किती वाजता.