आधी मान बघ

जळगाव

चि. बाळास,


धुळ्याला हिरे मेडिकल कॉलेजात तुझी मेडिसिनची ड्युटी लागल्याचं ताईकडून कळलं. साक्री-शिरपूरकडची, सातपुड्यातली माणसं दुखणं अंगावर काढून उशिरा येतात, म्हणून एकाच आजाराबद्दल लिहितो. जंतूंमुळे होणारा पेरिकार्डायटिस क्वचितच दिसतो, पण तो नजरेतून सुटला तर माणूस हातचा जातो.

छातीत दुखतं आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, हे तू वाचलं असशील. हृदयाच्या आवरणात पू झालेल्याला ते दुखणं कित्येकदा नसतंच. न्यूमोनिया, ताप आणि 'माले दम लागस', एवढंच हाती येतं. फुप्फुसाच्या मानाने दम जास्त वाटला की आधी मान बघ. शिरा फुगल्यात, बीपी उतरलंय, हृदयाचे ठोके दबलेत, तर थांबू नकोस.

बीपी स्वतः स्टेथोस्कोप लावून घे. पेशंटला नेहमीसारखा श्वास घेऊ दे आणि हवा अगदी सावकाश सोड. आधी ठोके फक्त श्वास सोडताना ऐकू येतील, मग श्वास घेतानाही. या दोन आकड्यांत 10 पेक्षा जास्त फरक पडला, तर हृदयाभोवती पाणी दाटल्याचा संशय घ्यायचा. जोरदार दम्यातही असा फरक पडतो, म्हणून टू-डी एको लगेच हवा, सकाळवर टाकू नकोस.

ईसीजीत बहुतेक सगळ्या लीडमध्ये एसटी उचललेला दिसला तर हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊ नकोस, आवरणात रक्तस्राव होऊ शकतो. मान फुगली म्हणून लॅसिक्सही नको, बीपी आणखी कोसळेल.

अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर घे, पण त्यापायी औषध अडवून ठेवू नकोस. हृदयाभोवतीचं पाणी सुईने काढलं की ते ग्राम स्टेन, कल्चर, सीबीनॅट आणि एडीएला पाठव. आपल्याकडे टीबी कायम मनात असावा. एडीए 40 च्या वर गेलं की टीबीकडे बोट जातं खरं, पण साध्या जंतूंच्या पुवातही ते वाढतं. उलट सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाहीच, असंही समजू नकोस. ताप किती दिवसांचा, वजन उतरलंय का, घरात कुणाला टीबी होता का, हे नातेवाइकांना नीट बसवून विचार.

पू घट्ट असला तर सुईने पुरता निघत नाही. सर्जनना तेव्हाच उठव, रागावले तरी चालेल.

तुझा,
मामा