पेशींचं पुस्तक निवडताना

चि. सानिका हिस,


तू पाठवलेली यादी पाहिली. सात पुस्तकं, आणि सातही उशाला घेता येतील अशी. ‘मावशी, यातलं एकच सांग’ असं लिहिलं आहेस. सांगते. पण नुसती खूण करून यादी परत पाठवली, तर पुढच्या सत्रात इम्युनॉलॉजीच्या पुस्तकासाठी पुन्हा मलाच फोन करशील. म्हणून थोडं लांबण लावते.

आधी अल्बर्ट्सचं बघू, कारण वसतिगृहातल्या सीनियर मुलींनी तुला तेच घ्यायला सांगितलं आहे. ब्रूस अल्बर्ट्स आणि त्यांच्या पाच सहलेखकांनी, ज्यांत जेम्स वॉटसनही होते, १९८३ साली ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल’ काढलं आणि हा विषय शिकवण्याची रीतच बदलली. त्याआधी पेशीचं पुस्तक म्हणजे बरंचसं अवयवांचं वर्णन असे: हे केंद्रक, हे गॉल्जी, हे लायसोसोम. अल्बर्ट्सनी प्रत्येक ठिकाणी ‘हे चालतं कसं’ हा प्रश्न पुढे आणला. ग्रंथ थोर आहे, यात वाद नाही. पण २०१४ च्या सहाव्या आवृत्तीची पानं चौदाशेच्या वर आहेत, आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीनं तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला की दिवाळीपर्यंत ती तिसऱ्या प्रकरणात असते आणि सत्र संपलेलं असतं. हे मी वर्गात दरवर्षी पाहते. पुस्तक शेल्फवर शोभतं, अभ्यास कुणाच्या तरी नोट्समधून होतो.

तेव्हा पुस्तक नावावरून घेऊ नकोस. एक प्रश्न मनात धरून दुकानात किंवा जयकर ग्रंथालयात जा आणि तो प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचार. माझा आवडता प्रश्न हा: एका ग्लुकोजपासून एटीपीचे किती रेणू मिळतात?

बी.एस्सी.ला तू ‘अडतीस’ पाठ केलंस. कुठे ‘छत्तीस’ही छापलेलं असतं. आज चांगली पुस्तकं ‘साधारण ३०’ किंवा ‘३० ते ३२’ म्हणतात. जुना हिशेब असा होता की एका एनएडीएचमागे तीन एटीपी आणि एका एफएडीएच२मागे दोन. पूर्ण आकडे, सोपी बेरीज. पण एटीपी काही त्या रेणूंपासून थेट बनत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाबाहेर प्रोटॉन ढकलले जातात, ते परत आत येताना एटीपी सिंथेस नावाचं यंत्र फिरवतात, आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतो. शिवाय एडीपी व फॉस्फेट आत आणायला आणि तयार एटीपी बाहेर पोचवायलाही काही प्रोटॉन खर्ची पडतात. हे सगळं धरलं की गुणोत्तर सुमारे अडीच आणि दीड येतं. सायटोप्लाझममधल्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेनं आत जातात, यावरही एक-दोन एटीपींचा फरक पडतो. म्हणून ३० किंवा ३२.

आता दुकानात उभ्या उभ्या सूचीत एटीपीचं पान काढ. नुसतं ३८ लिहून पुढे गेलेलं पुस्तक खाली ठेव. ३० लिहून कारण न देणारंही फारसं बरं नाही. त्यानं फक्त आकडा बदललाय. ज्यात हा आकडा कसा निघतो ते कळतं, ते हातात ठेव आणि अजून दोन पानं वाच.

त्या दोन पानांत काय शोधायचं? प्रोटॉनची ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा बहुतेकांना ती पटली नव्हती. लोक एखाद्या उच्च-ऊर्जेच्या मधल्या रासायनिक संयुगाच्या शोधात होते. मग पटली कशी? १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाच्या पानांतले थायलाकॉइड आधी आम्लात भिजवले, मग एकदम अल्कधर्मी द्रावणात टाकले, तेही अंधारात. एटीपी तयार झाला. प्रकाश नाही, फक्त आतबाहेरच्या प्रोटॉनचा फरक. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी तर कमालच केली. कृत्रिम पटलाच्या इवल्या पिशव्या घेतल्या, त्यांत एका सूक्ष्मजीवाचा प्रकाशावर चालणारा प्रोटॉन पंप बसवला आणि गाईच्या हृदयातल्या मायटोकॉन्ड्रियाचं एटीपी सिंथेस. प्रकाश पाडला, एटीपी मिळाला. या दोन प्रथिनांचा निसर्गात एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. जोडणारा दुवा प्रोटॉनशिवाय दुसरा असूच शकत नव्हता. मिचेल यांना १९७८ चं नोबेल मिळालं ते उगाच नाही.

पाठ्यपुस्तकाकडून मला हवं असतं ते हे. निष्कर्ष तर विकत मिळणाऱ्या गाइडमध्येही असतात. आपल्याला हे कळलं कशावरून, हे जे पुस्तक सांगतं ते घ्यावं. तू नेट परीक्षा देणार आहेस म्हणून व्यवहाराचंही सांगते: लाइफ सायन्सेसच्या पेपरात २०० पैकी १०० गुण ‘क’ विभागाला आहेत, आणि तिथे बऱ्याचदा प्रयोग देऊन ‘यावरून काय सिद्ध होतं’ असं विचारतात. पाठांतर ‘ब’ विभागापर्यंत पोचवतं.

(हेच प्रकरण वाचताना सायटोक्रोम सी भेटेल तेव्हा थोडं थांब. वनस्पतींच्या पेशींतही ते असतं, हे केंब्रिजमध्ये दाखवलं कमला सोहोनींनी. १९३९ मध्ये त्यांना तिथली पीएच.डी. मिळाली. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. त्यांचं नाव या जाड पुस्तकांत शोधत बसू नकोस.)

या कसोटीवर तुझी यादी कशी उतरते? ‘इसेन्शियल सेल बायॉलॉजी’ हे अल्बर्ट्स मंडळींचंच आटोपशीर पुस्तक. त्यात ‘हाउ वी नो’ या शीर्षकाची पानं आहेत. ती सोडायची नाहीत. इंग्रजी स्वच्छ, वाक्यं छोटी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला पहिल्या महिन्यात याचा किती आधार वाटतो ते मला ठाऊक आहे. पदवीचं म्हणून मैत्रिणी नाक मुरडतील, मुरडू देत. कार्पच्या पुस्तकाच्या नावातच ‘एक्स्पेरिमेंट्स’ आहे आणि तो शब्द त्यानं पाळला आहे. ‘एक्स्पेरिमेंटल पाथवेज’ हे भाग एखाद्या शोधाची वाट टप्प्याटप्प्यानं दाखवतात. लोडिश मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय. जैवरसायन आणि आनुवंशिकी पक्की असेल तरच त्याची गोडी लागते, पण प्रकरणाअखेरचे ‘अ‍ॅनालाइझ द डेटा’ प्रश्न ‘क’ विभागासाठी याहून चांगले मला कुठे दिसले नाहीत. कूपरचं सुटसुटीत आहे, उजळणीला उत्तम. लुइनचं ‘जीन्स’ रेण्वीय जीवशास्त्राच्या पेपरला लागेल, आत्ता नको. डी रॉबर्टिस तुझ्या यादीत कसं आलं, ते तुझ्या सरांनाच विचार. आमच्या पिढीनं त्यावर परीक्षा दिल्या, पण त्याची आठवी आवृत्ती १९८७ ची आहे.

यावरून आवृत्तीचं. अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत निम्म्या किमतीत मिळेल. जरूर घे, पण काय जुनं होतं आणि काय नाही ते ओळखून. ग्लायकोलिसिस, पटलाची रचना, डीएनएची प्रतिकृती यांची मूळ मांडणी वीस वर्षांत फारशी हललेली नाही. जीनोम, जनुकांचं नियंत्रण, प्रयोगपद्धती, कर्करोग ही प्रकरणं मात्र पटकन शिळी होतात. २००२ च्या अल्बर्ट्समध्ये यामानाकांच्या २००६ च्या मूलपेशी नाहीत, पटलाविना थेंबासारखे जमणारे कण नाहीत, २०१२ चं क्रिस्पर तर नाहीच. आधीची एक आवृत्ती चालेल, तीन आवृत्त्या मागची नको. आणि झेरॉक्स प्रत अजिबात नको. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखालचं लाल-हिरवं चित्र काळ्या-पांढऱ्यात आलं की त्यात बघायला काही उरतच नाही. स्वस्त भारतीय आवृत्तीतही रंगीत पानं नीट छापली आहेत का, ते चाळून बघ.

पैसे आणखी वाचवायचे तर अल्बर्ट्सची आणि लोडिशची चौथी आवृत्ती, कूपरची दुसरी, अमेरिकेच्या एनसीबीआयच्या बुकशेल्फवर फुकट आहेत. सलग चाळता येत नाहीत, पण शब्द टाकून शोधलं की तो भाग उघडतो. संदर्भाला एवढं पुरतं.

वाचायचं कसं, हे थोडक्यात. आधी आकृती आणि तिच्याखालचा मजकूर, मग प्रकरण. अडलेला प्रत्येक शब्द कोशात बघू नकोस, नाहीतर पानाला तास लागेल. प्रश्न सोडवल्याशिवाय पुढच्या प्रकरणाला हात लावायचा नाही, एवढं मात्र कडक पाळ. अल्बर्ट्सच्या सहाव्या आवृत्तीत प्रकरणांच्या शेवटी ‘अजून आपल्याला ठाऊक नसलेलं’ अशा प्रश्नांची एक चौकट आहे. ती ग्रंथालयात बसून उतरवून घे. प्रबंधाचा विषय शोधताना उपयोगी पडेल.

तर माझा निकाल असा. विकत ‘इसेन्शियल’ घे आणि ते पहिल्या सत्रात पुरतं वाचून काढ. कार्प आणि लोडिश ग्रंथालयातून आळीपाळीनं आण. अल्बर्ट्स दुसऱ्या वर्षी, तोवर तुझा प्रबंधाचा विषय ठरलेला असेल आणि त्यातली नेमकी कोणती चार प्रकरणं हवीत ते तुझं तुलाच कळेल. पुस्तकाचे पैसे मी पाठवते, आईकडे मागू नकोस. पण पैसे पाठवण्याआधी एटीपीच्या पानावर कोणत्या पुस्तकात काय सापडलं, ते मला लिहून कळव.

तुझी,
मावशी