घाटात सुटलेली वाघीण : विज्ञानकथा लिहिताना



आमचे इगतपुरी गाव कसारा घाटाच्या, म्हणजे जुन्या नावाने थळघाटाच्या, माथ्यावर आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग हा घाट चढून १८६५ साली येथवर पोहोचला. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतच्या सुमारे १५ किलोमीटरांत तो जवळजवळ ३०० मीटर वर चढतो. सर्वांत मोठा चढ ३७ स १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की रूळ १ मीटर उंच होतात. हा चढ चढण्यासाठी गाडीला कसाऱ्याला मागून जादा एंजिने लावतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. अशा गावातल्या मुलांनी गोष्ट लिहायला घेतली, तर तीत आगगाडी येणारच!

दोन वर्षांपूर्वी एका शाळेने आपल्या विज्ञानकथा स्पर्धेतील वह्या माझ्याकडे तपासायला पाठविल्या. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवितो, एवढीच माझी पात्रता. नववीतल्या एका मुलीची कथा अशी होती : घाटात उभ्या असलेल्या मालगाडीची शेवटची वाघीण सुटते. तीत एका पॉइंट्समनचा मुलगा लपून बसलेला असतो. वाघीण "क्षणार्धात ताशी २०० किलोमीटर वेगाने" उताराला धावू लागते. शेवटी आकाशातून उडती तबकडी येते, वाघीण अलगद उचलते आणि मुलगा सुखरूप घरी पोहोचतो.

मी समासात लाल शाईने 'अशक्य!' असे लिहिले, दहापैकी तीन गुण दिले आणि पुढची वही उचलली.

आठ दिवसांनी ती मुलगी वही घेऊन घरी आली. म्हणाली, "सर, अशक्य आहे हे कळलं. पण मग शक्य काय आहे?"

मला पटकन उत्तर देता येईना, कारण ते मी स्वतःही मोजून पाहिले नव्हते. मग आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. त्या दिवशी जे लक्षात आले, तेच येथे सांगतो.

१. आधी मोजा

उतारावर सुटलेल्या वस्तूला गुरुत्वाकर्षणामुळे त्वरण मिळते. उतार ३७ स १ असेल, तर ते ९.८ भागिले ३७, म्हणजे सुमारे ०.२६ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. चाकांच्या घर्षणासाठी थोडे वजा करून आपण ०.२५ धरू. वाघीण स्थिर स्थितीतून सुटली, तर

१० सेकंदांनी : वेग ताशी ९ किलोमीटर, कापलेले अंतर १२.५ मीटर
२० सेकंदांनी : वेग ताशी १८ किलोमीटर, अंतर ५० मीटर
३० सेकंदांनी : वेग ताशी २७ किलोमीटर, अंतर सुमारे ११२ मीटर
६० सेकंदांनी : वेग ताशी ५४ किलोमीटर, अंतर ४५० मीटर

ताशी २०० चा वेग यायला पावणेचार मिनिटे लागतील आणि तोवर वाघीण ६ किलोमीटरांहून अधिक गेलेली असेल. घाटातील वळणांवर ती त्याआधीच रुळांवरून उतरेल. तेव्हा 'क्षणार्धात' हा शब्द चुकला, हे खरेच. परंतु या तक्त्याकडे पुन्हा पाहा. पहिल्या दहा सेकंदांत वाघिणीचा वेग पळणाऱ्या मुलाइतकाही नाही! म्हणजे तो खाली उडी मारू शकतो. मी मुलीला विचारले, "मग तो उडी का मारत नाही?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याची धाकटी बहीण आत पोत्यांवर झोपली आहे."

मित्रहो, कथा या क्षणी जन्माला आली. वाघिणीचा हातब्रेक बाहेरच्या बाजूला असतो. तो दाबायचा तर मुलाने बहिणीला आत सोडून खाली उतरले पाहिजे आणि वाघिणीबरोबर धावले पाहिजे. दहाव्या सेकंदाला हे जमेल, विसाव्याला फार अवघड होईल, तिसाव्याला अशक्य. गणिताने कथेतला थरार काढून घेतला नाही; थरार नेमका कोठे आहे, ते दाखवून दिले. (हे सारे कागदावरच करावयाचे. उभ्या वाघिणींवर चढणे जिवावर बेतते, हे इगतपुरीच्या मुलांना सांगावयास नकोच.)

मोजण्यात मोठमोठे लेखकही चुकले आहेत. आपला लोहमार्ग घाट चढला त्याच १८६५ साली ज्यूल व्हर्न यांची चंद्रप्रवासाची कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत माणसांना ९०० फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे उडविले आहे. एवढ्याशा लांबीत सेकंदाला ११ किलोमीटरांचा वेग गाठावयाचा तर त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक होते. प्रवाशांचा तत्क्षणी चुराडा होईल. तरीही ती कादंबरी आजही वाचली जाते. तेव्हा चूक होईल या भीतीने लिहिणेच सोडू नका. पण कागद-पेन्सिल जवळ असताना आळसही करू नका.

२. कल्पित गोष्ट एकच घ्या, आणि ती मुळाशी ठेवा

आता राहिली उडती तबकडी. विज्ञानकथेत जे आज अस्तित्वात नाही ते आणण्याची मुभा लेखकाला असते. मग तबकडीत वाईट काय? वाईट एवढेच, की लेखिका अडचणीत सापडली तेव्हा ती धावून आली.

डॉ. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या एका पाठ्यपुस्तकातही आले आहे. १७६१ च्या पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली, हा इतिहास आहे. या कथेत इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे ती गोळी चुकली आणि मराठे जिंकले. बदल केवढा? गोळी जरा बाजूने गेली, इतकाच! पुढे त्या जगातील मुंबई कशी असेल, राज्य कोणाचे असेल, हे सारे त्या एका बदलातून तर्काने निघत जाते.

यावरून नियम असा घेता येईल : कल्पित गोष्टीने कथेतील अडचण निर्माण करावी, अडचण सोडवू नये. सुटका करावयाची असेल, तर तिचे साधन वाचकाला आधीच दिसलेले असावे.

असे साधन आमच्या घाटातच आहे. ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूला वळवून थांबविण्यासाठी घाटात 'कॅच सायडिंग' असते. हा फाटा चढाचा ठेवला, की गाडीची गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेत बदलते आणि तिचा वेग आपोआप सरतो. मुलीने कथेच्या पहिल्याच पानावर मुलाचे वडील तेथे कामाला आहेत असे लिहिले. मुलगा त्यांना डबा पोहोचवायला जातो, असेही घातले. मग शेवटी ती वाघीण या फाट्यावर वळली, तेव्हा तबकडीची आठवणही कोणाला झाली नाही.

३. व्याख्यान देऊ नका

मुलीच्या दुसऱ्या खर्ड्यात मुलगा धावत्या वाघिणीत उभा राहून बहिणीला सांगतो, "ताई म्हणतात, त्वरण म्हणजे वेगबदलाचा दर होय!" मी हसू आवरू शकलो नाही, पण दोष माझाच होता, तक्ता मीच तिच्या हाती दिला होता. ज्याच्या जिवावर बेतले आहे तो व्याख्या म्हणत नाही. तो रुळांच्या सांध्यांवरचा चाकांचा आवाज ऐकतो. आधी 'खट्… खट्…' असा सावकाश येणारा आवाज भरभर येऊ लागला, एवढे लिहिले की वाचकाला त्वरण कानांनी समजते. तुम्ही दहा गोष्टी मोजाव्यात. कथेत त्यांतील एखादीच यावी. उरलेल्या नऊ पाया म्हणून जमिनीखाली राहतात.

४. ठाऊक असलेल्या जागेपासून निघा

नवखे लेखक कथा बहुधा न्यूयॉर्कमध्ये किंवा मंगळावर सुरू करतात, कारण तेथे काहीही घडू शकते असे त्यांना वाटते. पण वाचकाचा विश्वास लहान तपशिलांनी बसतो, आणि असे तपशील आपल्या गावचेच आपणांस ठाऊक असतात. पावसाळ्यातले धुके, त्यात पुढचा खांबही न दिसणे, ओले रूळ, बँकरची शिट्टी : हे इगतपुरीच्या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही. तुमचे गाव समुद्रकाठी असेल तर भरती-ओहोटी घ्या. कोरडवाहू असेल तर विहिरीची पातळी घ्या. मंगळावर जायचेच असेल, तर तेथे जाणारा माणूस तरी तुमच्या गल्लीतला असू द्या.

५. अनोळखी वाचकाला वाचू द्या

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे उलगडा झाला, की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. त्या वेळी ते जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते. स्वतःच्या नावाने पाठविली असती, तर कथेऐवजी नावाला मान मिळाला असता. पुढे १९७९ मध्ये त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह निघाला आणि २०२१ मध्ये आमच्या नाशिकला भरलेल्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२५ साली ते निवर्तले.

आपणही हे करू शकतो. कथा आई-वडिलांना दाखविली तर ते कौतुकच करतील. ती मोठ्याने वाचा, आणि नाव न सांगता वर्गात कोणाकडून तरी वाचून घ्या. ऐकणारे जेथे चुळबुळ करतील तेथे खूण करा. ते वाक्य बहुधा गाळण्याजोगे असते.

त्या मुलीने कथा चार वेळा लिहिली. तिला पारितोषिक मिळाले नाही. स्पर्धेचा निकाल केव्हाच लागून गेला होता. पण तिच्या वर्गशिक्षिकेने ती नाव न सांगता वर्गात वाचली. मुलगा वाघिणीतून खाली उडी मारतो आणि हातब्रेककडे धावतो, तेथे सारा वर्ग चिडीचूप झाला होता, असे त्यांनी मला सांगितले. तो ब्रेकपर्यंत पोहोचत नाही. वाघीण पुढे निघून जाते. मुलगा रुळांमधून धावत, ओरडत राहतो आणि खाली धुक्यात वडील सांधा बदलतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. मुलांच्या कथेत विज्ञानाची चूक आढळली, तर समासात 'अशक्य' असे लिहून थांबू नये. 'मोजून पाहा' असे लिहावे. मी तेव्हापासून तसेच लिहितो.

स्वाध्याय

१. वाघीण सेकंदाला १५ मीटर वेगाने चढाच्या फाट्यावर शिरली. घर्षण नाही असे धरल्यास ती किती उंचीपर्यंत चढेल? (उत्तर : सुमारे ११.५ मीटर)

२. 'आपल्या गावातील घर्षण एका मिनिटासाठी नाहीसे झाले' ही एकच कल्पना घ्या. त्या मिनिटात तुमच्या ओळखीच्या एका माणसावर काय प्रसंग येईल, ते दोन पानांत लिहा. दुसरी कोणतीही कल्पित गोष्ट आणू नका.

३. तुमची जुनी एखादी कथा काढा. तीतील 'क्षणार्धात', 'प्रचंड', 'अतिशय' हे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकापुढे 'म्हणजे किती?' असे लिहून उत्तर काढा.