पळसाच्या बहराची नोंद

होळीच्या सुमारास कोल्हापूरच्या पश्चिमेकडील माळांवर व डोंगरउतारांवर पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे निष्पर्ण होऊन फुलतात. तिन्हींचा रंग तांबडा-केशरी, म्हणून मुले त्यांची हटकून गल्लत करतात. खाली पडलेली फुले वर्गात आणून मुलांच्या हाती द्यावीत व नाव सर्वांत शेवटी सांगावे. सावरीच्या फुलास पाच जाड पाकळ्या व पुंकेसरांचा झुबका असतो. पळसाचे फूल काळसर मखमली वाटीतून बाहेर येते व त्याची एक बाजू पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. पांगाऱ्याच्या फांदीवर काटे असतात, पळसाच्या नसतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मात्र ओळखीस पुरत नाही, कारण पांगाऱ्यालाही त्रिदलच पान येते! त्याची खातरजमा जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर, पालवी फुटल्यावर करून घ्यावी.

‘शिमग्याला पळस फुलला’ एवढी नोंद पुरेशी नाही. अधिक मासामुळे शिमगा कधी मार्चच्या आरंभी, तर कधी अखेरीस येतो. यास्तव पहिले फूल उमलल्याची इंग्रजी तारीखच लिहावी. जपानातील क्योतो नगरीत चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. त्यांवरूनच तेथील वसंत अलीकडे लवकर येऊ लागल्याचे उमगले. फळ्यावरची तारीख दुसऱ्या दिवशी पुसली जाते. तिच्यासाठी स्वतंत्र वही घालावी, आणि झाड शाळेलगतचे, पुढील वर्षीच्या वर्गालाही सापडेल असे निवडावे.